ऊस, साखर आणि धोरणाचे स्थैर्य

कोणत्याही उत्पादनक्षेत्राला भांडवल, श्रम आणि कच्चा माल यांच्याइतकीच स्थिर धोरणाची गरज असते. तात्कालिक अडचण दूर करण्यासाठी घेतलेला निर्णय पुढील हंगामांची घडी कशी विस्कटू शकतो, हे कोल्हापूर जिल्ह्याचा आधार असलेल्या ऊसशेती व साखरधंद्याच्या अनुभवावरून स्पष्ट होते.

पंचगंगेच्या खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये केलेली आडसाली लावण तोडणीस येण्यास १६ ते १८ महिने लागतात. त्यानंतर खोडवा घेतला जातो. साहजिकच शेतकऱ्याचा एक निर्णय त्याला दोन-तीन वर्षे बांधून ठेवतो. या काळात बाजाराचे नियम बदलले, तरी जमिनीतील पीक बदलता येत नाही.

दूरदृष्टीच्या धोरणाचे उदाहरण १९३२ चे आहे. त्या वर्षीच्या कायद्याने साखरधंद्याला दीर्घ मुदतीचे जकात-संरक्षण मिळाले. १९३१-३२ मध्ये देशात सुमारे ३० कारखाने होते. १९३४-३५ पर्यंत त्यांची संख्या सव्वाशेच्या वर गेली. संरक्षणाची मुदत आधीच ठाऊक असल्याने भांडवल गुंतविणाऱ्यांना भरवसा वाटला.

याउलट अनुभव १९७८ मध्ये आला. साखरेचे उत्पादन विपुल असताना त्या वर्षी ऑगस्टमध्ये नियंत्रण एकदम उठविण्यात आले. साखरेचे दर कोसळले, उसाला भाव राहिला नाही आणि लागवडीचा उत्साह ओसरला. १९७७-७८ मध्ये सुमारे ६५ लाख टन असलेले उत्पादन १९७९-८० मध्ये ३९ लाख टनांच्या आसपास आले. यात १९७९ च्या अवर्षणाचाही वाटा होता. परंतु भाव पडल्याने धंदा आधीच दुबळा झाला होता. डिसेंबर १९७९ मध्ये नियंत्रण पुन्हा लागू करावे लागले.

अलीकडचे उदाहरण इथेनॉलचे होय. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर व्याज-सवलतीच्या कर्जातून अनेक कारखान्यांनी आसवनी प्रकल्प उभारले. मात्र अपुऱ्या पावसामुळे साखर महागेल या भीतीने ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळप हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यास मनाई झाली. आठवडाभरात ती अंशतः शिथिल करण्यात आली, तर २०२४-२५ या वर्षासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये उठविण्यात आली. मधल्या काळात कर्जाचे हप्ते मात्र थांबले नव्हते.

ग्राहकाला साखर रास्त दरात मिळावी, हा शासनाचा हेतू योग्यच आहे. प्रश्न साधनाचा आणि वेळेचा आहे. टंचाईसाठी राखीव साठा ठेवणे, बदल टप्प्याटप्प्याने करणे आणि ते लावणीपूर्वी जाहीर करणे, हे मार्ग उपलब्ध आहेत. उत्पादकाने दिलेली किंमत अखेर ग्राहकालाही चुकवावी लागते. कारण आज मोडलेला खोडवा पुढील वर्षीच्या टंचाईच्या रूपाने बाजारात उभा राहतो. म्हणून धोरणाचे आयुष्य निदान पिकाच्या आयुष्याइतके तरी असावे.