तरणतलावातून आलेले दोन काउबॉय

एन्झो बार्बोनी हा मूळचा कॅमेरामन. सर्जिओ कोर्बुचीच्या १९६६ सालच्या ‘जँगो’चं छायाचित्रण त्याचं. त्यात नायक चिखलातून शवपेटी ओढत येतो आणि पुढे मुडदेच मुडदे. चार वर्षांनी बार्बोनीनं स्वतः ‘दे कॉल मी ट्रिनिटी’ दिग्दर्शित केला. त्याचा नायक काही ओढत नाही. घोड्यामागे बांधलेल्या खाटल्यावर तो गाढ झोपलाय आणि घोडाच त्याला ओढतोय! गुळगुळीत दाढी केलेले, करारी चेहऱ्याचे काउबॉय पाहिलेल्या प्रेक्षकाला हे ध्यान म्हणजे धक्काच. अंगावर धुळीची पुटं, कपड्यांच्या चिंध्या. खानावळीत बसून गडी अख्खी कढईभर उसळ पावानं पुसून फस्त करतो.

हा टेरेन्स हिल. त्याचा धिप्पाड, कायम वैतागलेला भाऊ बांबिनो म्हणजे बड स्पेन्सर. चोर असून शेरीफ बनून बसलेला. नावं अमेरिकी, पण माणसं पक्की इटालियन: हिल व्हेनिसचा मारिओ जिरोत्ती, स्पेन्सर नेपल्सचा कार्लो पेदेरसोली. ‘बड’ हे नाव त्यानं आवडत्या बिअरवरून उचललं, ‘स्पेन्सर’ हे अभिनेता स्पेन्सर ट्रेसीवरून. ज्याला आपण टेक्सास समजतो, ते बरंचसं रोमच्या आसपासचं डोंगरपठार आहे.

आणि खरी गंमत पुढेच. दोघंही पाण्यातून आलेले! पेदेरसोलीनं १९५० मध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहून दाखवली. असं करणारा तो पहिला इटालियन. १९५२ चं हेलसिंकी आणि १९५६ चं मेलबर्न ही दोन ऑलिंपिक त्याच्या खात्यात आहेत. जिरोत्तीला तर दिनो रिसी या दिग्दर्शकानं लहानपणी पोहण्याच्या स्पर्धेतच हेरलं.

माझ्या मते या जोडीची जादू इथेच आहे. खोटी मारामारी विनोदी करायची, तर अंगावर विलक्षण ताबा लागतो. स्पेन्सर उगाच हातवारे करत नाही. मुठीनं टाळक्यात वरून खाली एकच दणका, की समोरचा डोळे फिरवून आडवा. हिल मात्र चपळ, टपली मारून निसटणारा. चित्रपटाच्या शेवटी तर बंदुका बाजूला पडतात आणि अहिंसेचं व्रत घेतलेले मॉर्मन वसाहतवालेसुद्धा गुंडांवर हात साफ करून घेतात. हाणामारी लांबतच जाते, पण पोरंबाळं बिनघोर हसू शकतात. इटलीत हा प्रकार इतका चालला की पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला.

‘दे कॉल मी ट्रिनिटी’चं फ्रँको मिकालिझ्झीनं केलेलं शीर्षकगीत दिग्दर्शक टॅरँटिनोनं २०१२ मध्ये ‘जँगो अनचेन्ड’च्या शेवटी वापरलं. जर्मनीतल्या श्वेबिश ग्म्युंड गावात पेदेरसोली १९५१ मध्ये एका स्पर्धेत पोहला होता. तिथल्या तरणतलावाला २०११ मध्ये नाव दिलं गेलं ते मात्र बड स्पेन्सरचं.