‘हो-हो’ नको, ‘परत सांग’ म्हणा

आज घरोघरच्या एका गोष्टीवर बोलू या. आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना ऐकू कमी येऊ लागलं, तर त्यांच्याशी फोनवर कसं बोलायचं?

आपल्याकडची पोरं नागपूर, पुणे, हैदराबादला कामाला गेली. लेकी सासरी गेल्या. त्यांची आणि आईची गाठ पडते ती फोनवरच. कान साथ देईनासे झाले की हे बोलणं हळूहळू आखडतं. ‘बरी आहेस का? जेवलीस का?’ ‘हो-हो.’ झालं, फोन बंद. पुढे तर फोन घरातली सून नाहीतर नातूच घेतो आणि आईला नुसता निरोप मिळतो. मग मनातलं दुखणं तिनं लेकीला सांगायचं कधी?

बऱ्याच घरांत म्हणतात, ‘म्हातारीला पाहिजे ते बरोबर ऐकू येते.’ हा आरोप खरा नाही. वय वाढलं की कानाची ताकद सगळ्या आवाजांसाठी सारखी कमी होत नाही. आधी बारीक, टिपेचे आवाज जातात. आ, ओ, ऊ असे स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त ही अक्षरं निसटतात. म्हणून आई म्हणते, ‘आवाज येतो, पण काय बोलते ते समजत नाही.’ समोर बसून बोलताना ती आपले ओठ, चेहरा, हात पाहते आणि निसटलेलं जुळवून घेते. फोनवर तो आधार नसतो.

त्यात फोनही आवाज छाटतो. साधा फोन आवाजाचा फक्त मधला पट्टा पाठवतो, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा. ‘स’ आणि ‘फ’ यांचा बराच भाग त्याच्या वर असतो, तो कानापर्यंत पोचतच नाही. आता ‘सात’ म्हणून पाहा. त्यातला ‘स’ गेला तर उरतं ‘आत’, आणि आईला ऐकू येतं ‘आठ’. लेक सात तारखेला येते आणि आई आठला वाट पाहते. हे तरी चालेल. पण गोळी अर्धी घ्यायची की एक, यात गफलत झाली तर?

मग आपण काय करतो? ओरडतो. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, पण अक्षरं फुटत नाहीत. उलट म्हाताऱ्या कानाला मोठा आवाज लवकर टोचतो. आई म्हणते, ‘ओरडतेस कशाला?’ आणि आपल्याला राग येतो. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या आईला ऐकू कमी येत असे. बेल तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन संथ, खालच्या आवाजात बोलत. ओरडण्यापेक्षा ही रीत कामाची.

फोन करणाऱ्यानं एवढं करावं:

पहिलं, आधी नाव आणि विषय सांगा. ‘आई, मी बोलते. दवाखान्याचं सांगायचं आहे.’ विषय कळला की अर्धे शब्द आपोआप जुळतात.

दुसरं, सावकाश आणि थोड्या खालच्या पट्टीत बोला. एका वाक्यात एकच गोष्ट, मग थांबा.

तिसरं, कळलं नाही तर तेच शब्द परत परत म्हणू नका, शब्द बदला. ‘सात तारखेला’ कळलं नाही, तर ‘येत्या सोमवारी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी’ असं सांगा.

चौथं, आकडा, तारीख आणि औषध आईकडून परत म्हणवून घ्या. ‘कळलं का?’ विचाराल तर उत्तर ‘हो’ हेच येईल. ‘किती गोळ्या घेशील, सांग बरं’ असं विचारा.

घरी असणाऱ्यांनी टीव्ही आणि मिक्सर बंद करावा. फोनचा आवाज बोलणं चालू असतानाच बाजूच्या बटणानं वाढवावा, कारण बोलण्याचा आणि घंटीचा आवाज वेगळा असतो. जो कान बरा, त्याला फोन लावायला शिकवा. स्पीकर लावला तर दोन्ही कानांनी ऐकता येतं, पण मग अंगणभर ऐकू जातं. म्हणून आईला खोलीत बसवा, दार लोटा, आणि स्पीकर चालू आहे हे पलीकडच्या माणसाला सांगा.

स्मार्टफोन असेल तर व्हिडिओ कॉल चांगला. उजेड तोंडावर पडेल असं बसा, ओठ दिसू द्या. महत्त्वाचं सांगणं व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवा. आईला ते चार वेळा ऐकता येतं.

कानाला मशीन असेल तर फोन कानाच्या भोकाशी धरू नका. कानामागच्या मशीनचा माईक वर असतो, तिथे धरा. शिटी वाजली तर फोन थोडा तिरपा करा.

कान म्हातारपणानंच गेला, असं धरून मात्र बसू नका. नुसता मळ अडकला असला तरी ऐकू येत नाही. काडी, पिन, गरम तेल घालू नका. आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, गरज पडली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. एका कानानं अचानक ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला तर कान परत येणं कठीण.

मशीन घ्यायचं तर तपासणीनंतरच घ्या, बाजारात दिसलं म्हणून नको. २०२४ साली राज्यात मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना साहित्यासाठी ३,००० रुपये खात्यात देण्याची तिच्यात तरतूद आहे. श्रवणयंत्रही त्यात बसतं. अर्ज सध्या घेतात का, ते भंडाऱ्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. म्हाताऱ्या माणसांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांक आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. न ऐकता ‘हो-हो’ म्हणायची सवय पैशालाही घातक आहे. ‘बँकेतून बोलतो, नंबर सांगा’ म्हणणाऱ्याला समोर अशीच माणसं हवी असतात. अनोळखी फोनवर ‘मुलीशी बोला’ एवढंच म्हणून फोन ठेवायचा, हे आईला पक्कं करून द्या. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवा.

आणि आईला हेही सांगा, की ‘परत सांग’ म्हणण्यात लाज नाही. ती ते म्हणेल कधी? पहिल्यांदा म्हटल्यावर आपण वैतागलो नाही, तर.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक करून पाहा. दोघींनी पाठीला पाठ लावून बसायचं, एकीनं हळू आवाजात सात, आठ, साठ असे दहा आकडे सांगायचे, दुसरीनं लिहायचे. किती चुकतात ते मोजा. चांगल्या कानांची ही गत, तर आईचं काय होत असेल ते कळेल. त्या संध्याकाळी घरी फोन लावा, आणि सावकाश बोला.