चोवीस तासांचा नियम

केंब्रिजच्या दक्षिण टोकाला ॲडनब्रुक्स नावाचं मोठं रुग्णालय आहे. तिथून ग्रेट शेल्फर्ड गावाकडे रेल्वेरुळांच्या कडेने एक सायकलवाट जाते. वाटेवर आडवे रंगीत पट्टे ओढलेले आहेत. हिरवा, निळा, पिवळा, तांबडा. मध्येच एक रंग लागोपाठ तीनदा, मग पुन्हा बदल. नक्षी म्हणून बघावं तर काही मेळ लागत नाही. मोजले तर पट्टे १०,२५७ भरतात. माणसाच्या तेराव्या गुणसूत्रावरच्या बीआरसीए-२ या जनुकाची ही अक्षरं आहेत, क्रमाने रस्त्यावर उतरवलेली. या जनुकात बिघाड असला की स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. रुग्णालयात कामाला जाणारी माणसं रोज त्यावरून सायकल हाकतात.

हे जनुक असं सगळ्यांच्या वाटेवर यावं म्हणून एकेकाळी मोठी ओढाताण झाली. ती जिथून लढली गेली ते हिंक्स्टन गाव इथून फार लांब नाही.

हिंक्स्टन हॉलच्या आवारात १९९३ साली एक प्रयोगशाळा उघडली. वेलकम ट्रस्ट ही धर्मादाय संस्था आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल, दोघांच्या पैशांवर. नाव दिलं फ्रेड सँगर यांचं. रसायनशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालेला हा माणूस: १९५८ साली इन्सुलिनसाठी, १९८० साली डीएनएची अक्षरं वाचायची रीत शोधल्याबद्दल. नाव वापरायला ते राजी झाले, पण काम चांगलंच झालं पाहिजे अशी तंबीही त्यांनी दिली. संचालक होते जॉन सल्स्टन. त्यांनी उमेदीची वर्षं एका मिलिमीटरभर कृमीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्यात घालवली होती. एका फलित अंड्यापासून प्रौढ कृमीच्या ९५९ पेशी कशा होतात, याचा अख्खा वंशवृक्ष त्यांनी डोळ्यांनी बघून मांडला. पुढे २००२ साली त्यांनाही नोबेल मिळालं.

त्या काळी वाचण्याचं काम कसं चालायचं, ते जवळून बघण्यासारखं आहे. माणसाच्या डीएनएचे सुमारे दीड-दीड लाख अक्षरांचे तुकडे करून ते जिवाणूंत वाढवत. एकेका तुकड्याचे पुन्हा बारीक तुकडे. मग सँगर यांची युक्ती. डीएनएची नक्कल चालू असताना तिच्यात थोडी ‘खोटी’ अक्षरं मिसळायची. खोटं अक्षर जिथे बसेल तिथे साखळी थांबते. नशिबाप्रमाणे कुठली साखळी शंभराव्या अक्षराशी थांबते, कुठली एकशे एकाव्या, कुठली एकशे दोनाव्या. प्रत्येक थांबणाऱ्या अक्षराला आपला वेगळा चमकता रंग. मग काचेच्या दोन मोठ्या तावदानांमध्ये मिलिमीटरपेक्षाही पातळ जेली ओतायची. ओतताना हवेचा एक बुडबुडा राहिला तरी ती रांग वाया, म्हणून हे काम सावकाश, श्वास रोखून करायचं. जेलीतून वीज सोडली की तुकडे पळू लागतात, आखूड पुढे आणि लांब मागे. तळाशी लेझर बसलेला असतो. एकेक तुकडा समोरून जाईल तसा रंग नोंदला जातो आणि संगणकाच्या पडद्यावर चार रंगांच्या टेकड्या एकापुढे एक उमटत जातात. हिरवी, निळी, काळी, तांबडी. ए, सी, जी, टी. एका दमात पाचशे-सातशे अक्षरं वाचून होत. माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएमध्ये मिळून, अक्षरं आहेत तीन अब्ज, आणि चुका टाळायच्या तर प्रत्येक भाग आठ-दहादा वाचायला हवा.

या यंत्रांतून जी अक्षरं बाहेर पडत होती ती कोणाची, हा खरा प्रश्न होता. संशोधनातली रूढी अशी, की मिळालेली माहिती आपल्यापाशी ठेवायची, तिच्यावर लेख लिहायचा आणि लेख छापून आला की मग ती जगाला द्यायची. यात महिने जात, कधी वर्षं. कृमीवर काम करणाऱ्यांची रीत मात्र निराळी होती. सल्स्टन आणि सेंट लुईसचे बॉब वॉटरस्टन आपल्याकडचे अर्धेकच्चे नकाशेही सगळ्यांना वाटून टाकत.

फेब्रुवारी १९९६ मध्ये जगभरच्या जीनोम प्रयोगशाळांचे प्रमुख बर्म्युडा बेटावर जमले. सल्स्टन फळ्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी मुद्दे लिहिले. एक हजारापेक्षा जास्त अक्षरांचा जोडलेला तुकडा तयार झाला की तो आपोआप खुला करायचा, शक्यतो चोवीस तासांत. पूर्ण झालेला भाग ताबडतोब जाहीर करायचा. माणसाचा सगळा जीनोम सार्वजनिक राहील, त्याचा उपयोग कोणालाही करता येईल. खोलीत बसलेल्या लोकांनी एकमेकांशी हुज्जत घालत का होईना, हे मान्य केलं. वैज्ञानिकांनी आपल्या हक्काच्या पहिलेपणावर असं पाणी सोडल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

त्या दिवसापासून हिंक्स्टनचं काम एखाद्या वृत्तविभागासारखं झालं. दिवसभरात जे वाचून झालं ते रात्री बाहेर. अमेरिकेची जेनबँक, जपानचा संग्रह आणि हिंक्स्टनच्याच आवारातला युरोपचा संग्रह रोज आपापसांत माहितीची देवघेव करत, त्यामुळे कुठल्याही देशातल्या माणसाला सकाळी तीच अक्षरं दिसत. बातमीपत्रात मागाहून दुरुस्ती येते तशी इथेही येई. तुकड्यावर ‘अपूर्ण’ असा शिक्का असे, फटी असत, चुका असत, आणि नवी आवृत्ती आली की जुनी मागे पडे.

वृत्तविभागाची ही तुलना मी उगाच करत नाही. आमच्या घरी रेडिओवर बाजारभाव लागले की आजोबा हातातलं काम थांबवत. रेडिओ येण्याआधीचे दिवस ते सांगायचे: अडत्याला पेठेतला भाव आधीच ठाऊक असे आणि शेतकऱ्याला कळे तो गाडी रिकामी झाल्यावर. मधल्या त्या काही तासांवर अडत्याची कमाई होती. आकाशवाणीने भाव वाढवून दिला नाही, पण तो दोघांच्या कानांवर एकाच क्षणी घातला. ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ या ब्रीदाचा अर्थ मला आजोबांच्या त्या थांबलेल्या हातांमुळे कळला. बर्म्युडाच्या फळ्यावर सल्स्टन यांनी लिहिलं ते याहून वेगळं नव्हतं. आधी कळणं हाच ज्याचा नफा, त्याला आधी कळू द्यायचं नाही.

हे त्यांना बीआरसीए-२ ने शिकवलं होतं. १९९५ साली लंडनजवळच्या सटनमध्ये माइक स्ट्रॅटन यांचा गट हे जनुक शोधत होता. आधी त्यांचं अमेरिकेतल्या गटाशी सहकार्य होतं, पण पलीकडे मिरियड ही कंपनी उभी राहिली, पेटंटची भाषा सुरू झाली आणि स्ट्रॅटन बाजूला झाले. सँगर सेंटरने तेराव्या गुणसूत्राचा तो भाग वाचून अक्षरं खुली केली. जनुक सापडलं. तरीही ब्रिटिश गटाचा लेख छापून येण्याच्या तोंडावर मिरियडने पेटंटचा अर्ज टाकलाच. पुढे अमेरिकेत या जनुकाच्या चाचणीला सुमारे तीन हजार डॉलर पडत आणि ती एकाच कंपनीकडे करावी लागे. निसर्गात जसा आहे तशा डीएनएवर पेटंट घेता येत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला तो १३ जून २०१३ रोजी. मधली अठरा वर्षं किती बायकांनी नुसत्या पैशांपायी चाचणी करून घेतली नसेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९९८ मध्ये क्रेग व्हेंटर यांनी सेलेरा कंपनी काढली, सुमारे ३०० नवी स्वयंचलित यंत्रं लावली आणि आपण आधी जीनोम पुरा करू म्हणून जाहीर केलं. माहिती मिळणार होती वर्गणीदारांना. ही घोषणा झाली त्याच महिन्यात वेलकम ट्रस्टने हिंक्स्टनचा निधी दुप्पट केला. पुढची शर्यत वर्तमानपत्रांनी भरपूर रंगवली, तिच्यात मला फारसा रस नाही. लक्षात ठेवण्यासारखं एवढंच, की सेलेरा सार्वजनिक अक्षरं रोज उतरवून घेत होती आणि उलट दिशेने काही येत नव्हतं. २६ जून २०००ला अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमधून आणि ब्रिटनचे पंतप्रधान ब्लेअर यांनी लंडनहून उपग्रहाद्वारे, जीनोमचा कच्चा मसुदा तयार झाल्याचं एकत्र जाहीर केलं. त्याच्या चारच दिवस आधी सांताक्रूझच्या जिम केंट या विद्यार्थ्याने शंभर साध्या संगणकांवर सार्वजनिक तुकडे जोडून दाखवले होते. तो प्रोग्रॅम त्याने महिन्याभरात लिहिला. रात्री मनगटं बर्फाने शेकायची आणि पुन्हा बसायचं. ७ जुलैला ती जोडणी इंटरनेटवर सर्वांना खुली झाली. जीनोमचा सुमारे एकतृतीयांश भाग एकट्या हिंक्स्टनने वाचला.

खुलेपणाने नेमका काय फरक पडला, याचं मोजमापही झालं आहे. अर्थशास्त्रज्ञ हायडी विल्यम्स यांनी दोन प्रकारची जनुकं ताडून पाहिली: सेलेराने आधी वाचून काही काळ आपल्या ताब्यात ठेवलेली आणि पहिल्यापासून सार्वजनिक असलेली. सेलेराचा ताबा फार तर दोन वर्षं टिकला होता. तरी त्या जनुकांवरचं पुढचं संशोधन आणि त्यांवरून निघालेल्या चाचण्या २० ते ३० टक्क्यांनी कमी भरल्या, आणि कुलूप निघाल्यावरही ही तूट भरून आली नाही. ज्या वाटेवर सुरुवातीला कोणी गेलं नाही, तिकडे नंतरही पावलं वळली नाहीत.

आता एक अवघड बाब. ही अक्षरं आली कोणाकडून? १९९७ साली अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या वर्तमानपत्रात स्वयंसेवक हवेत अशी जाहिरात आली. लोकांनी रक्त दिलं, नावं पुसून टाकण्यात आली, आणि योगायोगाने त्यांतल्या एकाच पुरुषाच्या डीएनएमधून संदर्भ-जीनोमचा जवळपास ७० टक्के भाग तयार झाला. त्याचं नाव जगाला माहीत नाही आणि तसंच राहायला हवं. माणसाचा जीनोम सर्वांचा, पण एका माणसाचा जीनोम त्याचा, त्याच्या भावंडांचा आणि लेकरांचा. इथे चोवीस तासांचा नियम लावता येत नाही. भारत त्या मूळ प्रकल्पात नव्हता. आपल्याकडच्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने दहा हजारांवर भारतीयांचे जीनोम वाचून ते फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवले आणि जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध केले, तेही अर्ज करून, अटी पाळून. जातीजमातींवरून आपल्याकडे काय काय होतं हे बघता ही अट मला योग्य वाटते. मात्र त्या अभ्यासातून आजारांबद्दल जे कळेल ते रक्त देणाऱ्या वस्त्यांपर्यंत, त्यांच्या भाषेत, त्यांच्या रेडिओवर पोचलं पाहिजे. ते काम अजून कोणी हातात घेतलेलं मला दिसलेलं नाही.

विषाणूला खाजगीपणा नसतो, तिथे जुना नियम जसाच्या तसा चालतो. ११ जानेवारी २०२० रोजी शांघायचे झांग योंगझेन आणि सिडनीचे एडवर्ड होम्स यांनी वुहानच्या नव्या विषाणूची अक्षरं सगळ्यांसाठी खुली केली. जेमतेम तीस हजार. दुसऱ्याच दिवशी झांग यांची प्रयोगशाळा बंद करण्याचा हुकूम निघाला, पण अक्षरं बाहेर पडली होती. दोनएक दिवसांत बर्लिनच्या विषाणुशास्त्रज्ञांनी त्यांवर बेतलेली चाचणी जागतिक आरोग्य संघटनेमार्फत जाहीर केली.

वुहानहून केरळात परतलेल्या एका विद्यार्थिनीच्या घशातला नमुना बर्फात घालून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत आला. विषाणू अजून पुण्यातल्या कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. हाताशी होती ती फक्त खुली झालेली अक्षरं. ३० जानेवारीला निदान पक्कं झालं आणि देशातल्या पहिल्या रुग्णाची बातमी त्याच दिवशी सगळीकडे गेली. पहिल्या तीन रुग्णांपैकी दोघांच्या नमुन्यांतला विषाणू पुण्यात सगळाच्या सगळा वाचला गेला, आणि मार्चमध्ये त्याची अक्षरं पुण्याहून जगाच्या सामाईक संग्रहात जाऊन पडली.