क्रॅक, फ्रॅक्चर, डॅमेज: शब्द सारखे, नुकसान वेगळं

जालना हा सळईचा, बियाण्यांचा आणि मोसंबीचा जिल्हा. इथल्या मोंढ्यात, रोलिंग मिलमध्ये, हाडांच्या दवाखान्यात आणि विम्याच्या कागदांवर मोडतोडीचे इंग्रजी शब्द रोज भेटतात. बोलण्यात ते आता आपलेच झाले आहेत, पण अर्थाच्या बाबतीत आपण त्यांना सरसकट एकाच दावणीला बांधतो. त्यातून उपचार लांबतात, भाव पडतो, दावा नामंजूर होतो. म्हणून हे नेहमीचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज: “हाड मोडलं नाही, नुसतं फ्रॅक्चर आहे.”

वस्तुस्थिती: वैद्यकीय भाषेत फ्रॅक्चर म्हणजेच हाड मोडणं. बारीक चीर गेली तरी फ्रॅक्चर आणि दोन तुकडे झाले तरी फ्रॅक्चरच. ‘हेअरलाइन’ म्हणजे केसाएवढी चीर, ‘डिस्प्लेस्ड’ म्हणजे तुकडे जागचे सरकलेले. ‘कंपाउंड’ म्हणजे हाडाचा चुरा, असं अनेकांना वाटतं. पण बरेच तुकडे झाले तर त्याला ‘कॉमिन्यूटेड’ म्हणतात. कंपाउंडमध्ये मोडलेल्या जागी कातडी फाटून जखम उघडी पडलेली असते. तिथे जंतुसंसर्गाचा मोठा धोका असतो, म्हणून तेल-हळद, चोळणं यांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावं. ‘स्प्रेन’ ही लचक असते, तिच्यात हाड नव्हे तर सांध्याचे अस्थिबंध दुखावतात. पायावर उभं राहता आलं म्हणजे हाड शाबूत आहे, असंही धरून चालू नये.

गैरसमज: “यील्ड म्हणजे सळई तुटण्याची मर्यादा, आणि जितकी कठीण सळई तितकी चांगली.”

वस्तुस्थिती: थोडा ताण दिला तर सळई किंचित लांबते आणि ताण काढताच पूर्ववत होते. एका टप्प्यानंतर मात्र ती कायमची लांबते. तो टप्पा म्हणजे यील्ड. तुटणं त्याच्या बरंच पुढे असतं. ‘एफई 500’मधला 500 हा यील्डचाच आकडा आहे: दर चौरस मिलिमीटरला 500 न्यूटन. 12 मिलिमीटरच्या सळईसाठी हिशेब केला तर ही ओढ साडेपाच टनांच्या वर जाते.

तुटण्याआधी सळई किती लांबली पाहिजे, हेही भारतीय मानक 1786 ठरवतं. एफई 500ला किमान 12 टक्के, तर 500 डीला 16 टक्के. हा चिवटपणा कसा येतो ते मिलमध्ये दिसतं. लालबुंद सळई पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांतून जाते, तेव्हा तिचं बाहेरचं कवच क्षणात कठीण होतं, पण गाभा धगधगताच राहतो. मग गाभ्यातली उष्णता बाहेर येते आणि कवचाचा ठिसूळपणा कमी करते. कवच कठीण, गाभा चिवट. भूकंपात ही चिवट सळई ताणली जाते, वाकते, पण पटकन तुटत नाही, आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. नुसती कठीण वस्तू काचेसारखी फुटते.

गैरसमज: “भिंतीला क्रॅक गेला, म्हणजे घर खचलं.”

वस्तुस्थिती: क्रॅकमध्ये चीर असते, पण भाग अजून जोडलेले असतात. गिलाव्यावरच्या जाळीसारख्या बारीक चिरा बहुतेक वेळा प्लास्टर लवकर सुकल्याच्या खुणा असतात. आपल्या काळ्या जमिनीत मात्र वेगळी सावधगिरी हवी. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया उथळ असेल तर खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. त्या चिरेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे, तेव्हा पुट्टी भरून भागणार नाही, अभियंत्याला बोलवावं.

गैरसमज: “तुटका दाणा म्हणजे डॅमेज्ड दाणा.”

वस्तुस्थिती: हमीभावाच्या खरेदीत सोयाबीन ‘एफएक्यू’, म्हणजे रास्त सरासरी दर्जाचं लागतं. त्यात मळणीत डाळ झालेले ‘स्प्लिट’ दाणे वेगळे मोजतात, आणि बुरशी लागलेले, कुजके, रंग बदललेले ‘डॅमेज्ड’ दाणे वेगळे. डाळ झालेल्या दाण्यांना बरीच जास्त सूट असते. ओलाव्याची मर्यादा तर स्वतंत्रच: ती 12 टक्के असते आणि 2024च्या खरीप हंगामात केंद्रानं ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. माल नाकारला तर कोणत्या रकान्यामुळे, हे विचारलंच पाहिजे.

बियाण्याचं गणित याहून कडक आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी इथेच उभी केली, आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. सोयाबीनचं साल इतकं पातळ असतं की पोतं आपटलं तरी डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. तेलासाठी तो दाणा चालेल, पण पेरला तर उगवेलच असं नाही. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान 70 टक्के लागते. पेरणीआधी ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवावेत आणि किती उगवले ते मोजून घ्यावं.

गैरसमज: “विमा आहे, म्हणजे कोणतीही मोडतोड भरून मिळेल.”

वस्तुस्थिती: वाहन विम्यात अपघातानं झालेलं ‘डॅमेज’ धरतात. वापरानं होणारी झीज, म्हणजे ‘वेअर अँड टिअर’, आणि आपोआप आलेला यांत्रिक वा विजेचा बिघाड, म्हणजे ‘ब्रेकडाऊन’, हे साध्या पॉलिसीत वगळलेले असतात. अपघात झालेला असताना अर्जात ‘ब्रेकडाऊन’ लिहिलं तर हक्काचा दावा अडचणीत येतो.

कायद्याच्या नोटिशीतल्या ‘डॅमेजेस’चा अर्थ मात्र मोडतोड असा नसतो. करार मोडल्याबद्दल मागितलेली भरपाईची रक्कम म्हणजे डॅमेजेस. 1872च्या करार कायद्याचं कलम 73 तिच्याबद्दलच आहे.

डॉक्टर, ग्रेडर, अभियंता किंवा सर्व्हेअर यांपैकी कुणीही असा शब्द वापरला, तर नेमकं काय झालंय ते मराठीत विचारा आणि कागदावर कोणता शब्द लिहिलाय तो वाचून घ्या. ते कळल्याशिवाय सही करू नका.