टॅपेटची परीक्षा : हवेने थंड होणाऱ्या एका इंजिनाची दुसरी बांधणी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या सरांनी मला याच शाळेच्या मागील पत्र्याच्या कार्यशाळेत कानस धरायला शिकविले. या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, समाजकारण अशा विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. माझा त्यांत अधिकार नाही. परंतु सयाजीराव महाराजांनी 1890 साली ज्या गावात कलाभवन स्थापन करून हातांच्या विद्येला प्रतिष्ठा दिली, त्या बडोद्यात एका यंत्रभागावर व्याख्यान दिले तर ते अगदीच अस्थानी ठरणार नाही, असे मला वाटते. तो भाग मुठीत सहज मावतो. त्याचे नाव टॅपेट. परदेशी पुस्तकांत त्यालाच लिफ्टर म्हणतात.

हा विषय मला सुचला तो माझ्या एका फजितीमुळे. माझ्या वर्गमित्राच्या वडिलांनी जर्मनीतून परत येताना 1970 सालची एक फोक्सवॅगन बीटल आणली होती. ते गेल्यावर ती कित्येक वर्षे अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. 2011 साली काकूंनी मला बोलावले आणि म्हणाल्या, "यांची गाडी एकदा रस्त्यावर चाललेली मला पाहायची आहे. तू म्हणशील तसे करू." मी इंजिन उतरविले, सोडविले, नवे भाग घालून बांधले. गाडी चालली. काकू पुढच्या सीटवर बसून सुरसागराला फेरी मारून आल्या. आणि सुमारे 800 किलोमीटरनंतर ते इंजिन आतून झिजून निकामी झाले.

ते का झाले हे कळण्यासाठी या इंजिनाची रचना थोडक्यात सांगतो. बीटलचे इंजिन मागच्या बाजूला असते. चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे असतात. त्याला पाण्याचा रेडिएटर नाही. पट्ट्यावर चालणारा पंखा हवा फेकून सिलिंडर थंड ठेवतो. या जातीच्या गाड्यांचे उत्पादन 30 जुलै 2003 रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे थांबले, तोवर 2 कोटी 15 लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. इतक्या काळ टिकलेले यंत्र काही आडाख्याने बनलेले नसते. त्यातील प्रत्येक भागाच्या आकाराला कारण असते.

इंजिनाच्या पोटात क्रँकशाफ्टखाली कॅमशाफ्ट असतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा त्याचा एक होतो. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना कॅम म्हणू. कॅम टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर झडप उघडतो. झडपा आठ, टॅपेट आठ; पण कॅम मात्र चारच. समोरासमोरच्या दोन सिलिंडरांना एकच कॅम पुरतो. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्याची जोडी. इंजिन मिनिटाला 4000 फेऱ्यांनी चालले तर प्रत्येक टॅपेट मिनिटात 2000 वेळा उचलला जातो, आणि दोन टॅपेटांचा भार वाहणाऱ्या कॅमला तोच धक्का 4000 वेळा सोसावा लागतो. झडपेच्या स्प्रिंगचा सारा दाब या दोन भागांच्या मधल्या एका बारीक रेषेवर येतो.

मग तो भाग चाळीस-चाळीस वर्षे टिकतो कसा? जात्याचा खुंटा मध्यावर नसून कडेला असतो, म्हणून तळी फिरते. तसेच येथे आहे. कॅमचा मध्य आणि टॅपेटचा मध्य एका रेषेत ठेवलेले नसतात. शिवाय टॅपेटचे तोंड सपाट दिसले तरी ते किंचित फुगीर घासलेले असते. हा फुगवटा माणसाच्या केसाच्या जाडीइतकाही नसतो. या दोन युक्त्यांमुळे कॅम टॅपेटला नुसता उचलत नाही, प्रत्येक धक्क्याबरोबर थोडा फिरवतोही. झीज एका जागी न साचता सर्व तोंडावर सारखी वाटली जाते. टॅपेट फिरायचा थांबला की कॅम त्याच्या तोंडात चर पाडतो, आणि तो चर उलट कॅमला खातो. एकदा आरंभ झाला की हे थांबत नाही.

आता माझी फजिती. झडपेची फट थंड इंजिनावर 0.15 मिलिमीटर ठेवतात. काळाबरोबर ही फट सहसा कमी होते, कारण झडप आपल्या बैठकीत हळूहळू रुतत जाते. माझ्या इंजिनात ती वाढत होती. मी दोनदा जुळविली, दोनदा वाढली. तीही पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या धूर सोडणाऱ्या झडपांचीच. एकाच कॅमवरच्या दोन फटी एकदम वाढतात तेव्हा दोष रॉकरमध्ये नसतो, हे मला तेव्हाच उमगायला हवे होते. शेवटी तेलाची जाळी काढली. तिच्यावर चमकदार करडा चिखल होता, आणि तो चुंबकाला चिकटला. या इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, पिस्टन ॲल्युमिनियमचे. ते चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटते ते लोखंड.

येथे या इंजिनाचा एक निष्ठुर स्वभाव सांगितला पाहिजे. टॅपेटचा दांडा 19 मिलिमीटर व्यासाचा, पण त्याचे डोके छत्रीसारखे रुंद आणि कवचाच्या आतल्या बाजूला असते. त्यामुळे तो बाहेरून काढता येत नाही. एक टॅपेट बदलायचा तरी इंजिन उतरवून कवचाची दोन शकले वेगळी करावी लागतात. स्वस्तातल्या या भागाची चूक संपूर्ण बांधणीच्या किमतीला पडते.

उघडून पाहिले तेव्हा आठांपैकी पाच टॅपेटांची तोंडे खळगी पडून आत गेली होती. एक अभियांत्रिकी प्रयोगशाळेत तपासला. चांगल्या टॅपेटच्या तोंडाचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर साधारण 55 ते 60 असावा लागतो. माझ्या टॅपेटचा 40 च्या आसपास भरला. मी ते एका दुकानातून चकचकीत खोका पाहून घेतले होते. दुकानदाराला दोष देणे सोपे होते, आणि काही दिवस मी तो दिलाही. पण दोन चुका माझ्याही होत्या. मी नव्या मोटारींसाठीचे तेल भरले होते, आणि इंजिन प्रथम सुरू झाल्यावर अर्धा तास मंद चालीवर ठेवून कार्ब्युरेटर जुळवीत बसलो होतो. हे तिन्ही मी काकूंना जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, "पुन्हा उघड. पण या वेळी तुझ्या सरांसारखा तपासून घे."

तेव्हा टॅपेट निवडण्याच्या ज्या कसोट्या मी पुढे पाळल्या, त्या सांगतो.

पहिली कसोटी तोंडाची. दोन टॅपेटांची तोंडे एकमेकांवर टेकवून उजेडाकडे धरावी. मध्यावर स्पर्श आणि कडांना उजेडाची फट दिसली, वरचा टॅपेट किंचित डुलला, तर फुगवटा आहे असे समजावे. तोंडे पूर्ण चिकटली किंवा मध्यातून उजेड आला तर तो नग परत करावा. आठही नग पाहावेत. नमुन्यादाखल दोन पाहून भागत नाही.

दुसरी कठीणपणाची. सरांनी शिकविलेली कानस येथे कामाला येते. तोंडाच्या मध्याला न लावता डोक्याच्या कडेवर कानस हलकेच ओढावी. कठीण लोखंडावर ती काचेवरून घसरावी तशी घसरते. मऊ असेल तर दात रुततात. ही ढोबळ परीक्षा झाली. खरे माप प्रयोगशाळेतच मिळते, आणि तेथे टॅपेटवर खळी पडते. म्हणून आठाच्या संचाबरोबर त्याच घडणीचा एक जादा नग घेऊन तो खर्ची घालावा.

तिसरी घडणीची. काही टॅपेटांचे डोके आणि दांडा वेगळे करून जोडलेले असतात. सांध्याची रेघ दिसली तर मी तो घेत नाही. शक्यतो एकसंध घ्यावा.

चौथी बसण्याची. तेल लावलेला टॅपेट कवचाच्या भोकात स्वतःच्या वजनाने सावकाश उतरावा आणि बोटाने सहज फिरावा. घट्ट असेल तर तो फिरणार नाही. फार सैल असेल तर तेथून तेल निसटून दाब घटेल. याच वाटेने पोकळ पुशरॉडांतून रॉकरपर्यंत तेल जाते, म्हणून टॅपेटची तेलाची भोके तारेने साफ करून पाहावी.

नवा संच मिळेना तर काय? जुने मूळचे जर्मन टॅपेट जाणकार कारागिराकडून पुन्हा फुगवटा देऊन घासून घेणे हा उत्तम मार्ग आहे. मात्र कठीण थर खोलवर नसतो, म्हणून अगदी थोडेच घासावे. दुसऱ्या बांधणीत मी हेच केले. आणि एक नियम कधीही मोडू नये : नव्या कॅमशाफ्टवर झिजलेले जुने टॅपेट घालू नयेत. जुना कॅमशाफ्टच पुन्हा वापरायचा असेल तर प्रत्येक टॅपेट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात परत जावा. इतकी वर्षे एकत्र झिजलेल्या जोड्या फोडू नयेत.

तेलाविषयी. पूर्वीच्या तेलांत जस्त आणि फॉस्फरस यांचे एक संयुग भरपूर असे. धातूवर धातू घासू लागला की ते पातळ कवच धरते. परंतु फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला निकामी करतो, म्हणून त्याचे प्रमाण कमी करीत आणले गेले. 2004 साली आलेल्या एपीआय एसएम श्रेणीत हलक्या दाटीच्या तेलांसाठी त्याची कमाल मर्यादा 0.08 टक्के झाली. त्या निर्णयात चूक नाही. नव्या इंजिनांत बहुधा रोलर असतात, त्यांना तेवढे पुरते. आपल्या जुन्या इंजिनासाठी मात्र माहितीपत्रक वाचून 0.10 ते 0.12 टक्के फॉस्फरस असलेले तेल निवडावे. या इंजिनात तेल अडीच लिटरच, आणि कागदी फिल्टर नाही, केवळ जाळी. म्हणून ते वेळेवर बदलावे.

शेवटी पहिली वीस मिनिटे. बांधताना कॅम आणि टॅपेटच्या तोंडांना मॉलिब्डेनमची पेस्ट लावावी. स्पार्क प्लग काढून, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत इंजिन स्टार्टरने फिरवावे. मग प्लग बसवून सुरू करताच मिनिटाला 2000 ते 2500 फेऱ्यांवर वीस मिनिटे ठेवावे. मंद चालीवर ठेवू नये. मंद चालीत कॅमवर तेल कमी उडते आणि स्प्रिंगचा दाब पूर्ण पडतो. नव्या तोंडांची ओळख होण्याआधीच ती ओरखडतात. त्यानंतर तेल बदलावे, जाळी पाहावी, फटी पुन्हा मोजाव्या.

दुसरी बांधणी 2013 साली पुरी झाली. फटी मी वहीत लिहून ठेवतो. त्या वाढलेल्या नाहीत. काकू आणखी चार वर्षे त्या गाडीतून दर रविवारी फिरल्या. आता माझा मित्र ती चालवितो.

सर कार्यशाळेत काम तपासताना वरच्या चकाकीकडे पाहत नसत. काम उलटे करून, जी बाजू भिंतीकडे जाणार ती आधी पाहत. तेव्हा आम्हांला तो छळ वाटे. टॅपेट ही इंजिनाची भिंतीकडची बाजू आहे. गाडी विकत घेणारा ती कधी पाहत नाही, चालविणारा पाहत नाही. बांधणाऱ्याने पाहिली नाही तर दुसरे कोणी पाहणार नाही. सरांच्या स्मृतीला माझे वंदन असो.