नदीसाठी बांधलेला राजवाडा

मार्सेलिस म्हटले की मराठी माणसाला ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी बोटीतून घेतलेली उडी आठवते. समुद्राकाठच्या याच शहराला एकेकाळी प्यायच्या पाण्याची भ्रांत होती, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्सचा उन्हाळा कोरडा. मार्सेलिसची भिस्त विहिरींवर आणि एका लहानशा नदीवर. १८३४ च्या सुमारास दुष्काळ पडला, पाठोपाठ कॉलऱ्याची साथ आली आणि माणसे पटापट मरू लागली. तेव्हा काहीही झाले, कितीही खर्च आला तरी दुरान्स नदीचे पाणी शहरात आणायचेच, असे महापौर कोन्सोला यांनी ठरवले. मोंत्रिशे या इंजिनीअरने डोंगर पोखरून, दऱ्या ओलांडून सुमारे ८० किलोमीटरचा कालवा काढला. वाटेतला रोकफाव्हूरचा तीन मजली दगडी पूल तर ८० मीटरहून उंच आहे. अखेर नोव्हेंबर १८४९ मध्ये पाणी शहरात पोहोचले.

पाण्याचा थाटाचा सत्कार व्हायला मात्र आणखी वीस वर्षे जावी लागली. एस्पेरांदिए या वास्तुविशारदाने उभारलेल्या लाँशां राजवाड्याचे उद्घाटन १५ ऑगस्ट १८६९ रोजी झाले. राजवाडा म्हणायचा, पण इथे कुणी राजा राहिला नाही. दोन बाजूंना दोन संग्रहालये, एक चित्रशिल्पांचे, दुसरे निसर्गेतिहासाचे. त्यांना जोडणारी खांबांची अर्धवर्तुळाकार ओळ आणि मधोमध कारंजे. रथात उभी असलेली स्त्री म्हणजे दुरान्स नदी. तिच्या एका बाजूला द्राक्षवेल, दुसरीकडे गहू. आपल्याकडे गंगेचे वाहन मगर, यमुनेचे कासव. दुरान्सच्या रथाला मात्र चार धष्टपुष्ट बैल जुंपलेले आहेत. त्यांच्या पायांखालून पाणी उसळते आणि पायऱ्यापायऱ्यांनी खालच्या तळ्यात कोसळते. काव्हलिए या शिल्पकाराचे हे बैल पाहताना नदीची ओढ किती असेल ते न सांगता कळते.

या देखण्या वास्तूमागे एक कटू वादही आहे. एस्पेरांदिएच्या आधी नगरपालिकेने एका तरुण शिल्पकाराकडून आराखडे करून घेतले होते. ते बाजूला पडले. पुढे कारंजे पाहून, कल्पना मूळची आपलीच, असा दावा त्याने केला. प्रकरण कोर्टात गेले, पण त्याला दाद मिळाली नाही. त्याचे नाव बार्तोल्दी. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा त्याने घडवला तो त्यानंतर.