कवेलूच्या घरातला माळा: आधी कड्या, मग फळ्या

पोंभुर्णा परिसर धानाचा. इथल्या जुन्या कवेलूच्या घरांत माळ्याच्या कड्या बहुधा हलक्या सामानापुरत्याच असतात. पोती ठेवायची तर आधी कडीचे भिंतीत रुतलेले टोक तपासावे. ओल आणि वाळवी तिथेच लागते. टोचा सहज आत शिरला, तर कडी बदललेलीच बरी. धड कडीला जोडकडी लावून बोल्टने आवळतात; नुसते खिळे पुढे ढिले पडतात. कडीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट! म्हणून जोडकडी उभीच बसवावी. जागा असेल तर मधोमध खांबांवर तुळई द्यावी, झोळ झपाट्याने कमी होतो. सागवान वाळलेलेच घ्यावे. फळ्या ठोकल्यावरही पोती भिंतीलगतच रचावीत.